बाळाला कुणाकडे ठेवू? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पाळणाघराबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक नोकरी करणाऱ्या आयांची, एक बाबांचं आणि एक आजींचं पण आहे. त्यातली चार इथे घेतेय. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न: मी रत्नागिरीत नर्स आहे. बाळ दहा महिन्यांचं झालं, पुढच्या महिन्यापासून ड्युटी सुरू. सासूबाई गावी असतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना बाळामागे धावणं जमणार नाही. दोन ठिकाणं बघितली. एक नवीन डे केअर आहे, एसी, भिंतींवर चित्रं, कॅमेरे, मोबाईलवर बाळ बघता येतं, वीसेक मुलं आहेत. दुसरं म्हणजे आमच्याच वाडीतल्या एक काकू, जुनं चिरेबंदी घर, चार मुलं सांभाळतात, पावती वगैरे काही नाही आणि मागच्या परसात विहीर आहे. मिस्टर म्हणतात कॅमेरा आहे तिथेच ठेवू, माझं मन काकूंकडे ओढतंय. काय बघून ठरवू?

उत्तर: ताई, आधी कॅमेऱ्याचं बोलू कारण घरात वाद त्यावरूनच चाललाय. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईनेच मारलं होतं, तुम्हाला आठवत असेल, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि तो आला कुठून तर तिथल्याच सीसीटीव्हीतून. म्हणजे कॅमेरा होता, चालू होता, आणि तरी ते घडलं. नंतर पुरावा म्हणून तो उपयोगी पडला हे खरं, पण त्या घडीला बाळाला त्याने वाचवलं नाही. आणि तुम्ही वॉर्डात सलाईन लावत असताना मोबाईलवर बघणार तरी कधी? कॅमेरा असेल तर चांगलंच आहे, असू दे, पण ठरवताना तो सगळ्यात शेवटी धरा.

पहिलं बघायचं ते माणूस. तुमच्या बाळाला दिवसभर उचलून घेणारी बाई नेमकी कोण, ती तिथे कधीपासून आहे आणि तिच्या एकटीच्या वाट्याला किती मुलं येतात. मोठ्या ठिकाणी काय होतं, आपल्याशी बोलतात त्या मॅडम वेगळ्या आणि बाळाचे कपडे बदलणाऱ्या मावशी वेगळ्या, आपण मॅडमना बघून पैसे भरून येतो आणि मावशींचा चेहरा पण बघितलेला नसतो. तेव्हा मॅडमना सांगा की मला मावशींशी बोलायचंय, दहा मिनिटं, बाळ मांडीवर घेऊन. त्यांनी आनंदाने बोलवलं तर उत्तम, टाळाटाळ केली तर तिथेच समजून घ्या. मावशी सारख्या बदलत असतील तर ते फार वाईट, कारण या वयात बाळ एका ठरावीक माणसाच्या वासाला, आवाजाला धरून राहतं आणि ते माणूसच गायब झालं की परत पहिल्यापासून सुरू. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि जोडीला मदतनीस असं धरलंय. माझं मत विचाराल तर रांगत्या बाळांना हे पण कमीच पडतं, एका बाईकडे तीन बाळं, फार तर चार, त्याच्या वर तिचे दोन हात पुरणार नाहीत.

आता दोन्हीकडे परत जा आणि न सांगता जा. सकाळी दहा-अकराला कुठेही गेलात तरी सगळं गोडच दिसतं, मुलं आंघोळ करून पावडर लावून बसलेली असतात. जायचं ते साडेबाराला जेवणाच्या वेळी, नाहीतर दुपारी मुलं झोपून उठतात तेव्हा, एकाला शू झालीय, एकाला आई हवीय, एक नुसतंच किरकिरतंय. मी राजापूरच्या बाजूला एका घरी अशी भर दुपारची बसले होते. पडवीत मांडी घालून बसलेली बाई, पुढ्यात मऊभात आणि साधं वरण कालवलेली वाटी, आणि वर्षभराचं पोर प्रत्येक घासाला तोंड फिरवतंय. तिने चमचा बाजूला ठेवला, भाताचा छोटासा गोळा त्याच्याच मुठीत दिला. त्याने तो चुरला, गुडघ्याला फासला, थोडा कपाळाला लावला आणि मग हळूच बोट तोंडात घातलं. तेवढ्यात आत दुसरं बाळ उठून रडायला लागलं तर ही तिथूनच बोलायला लागली, ऐकलं हां बाळा, आले मी, हात धुते आणि आले, आणि तिचा आवाज आला तसं आतलं रडणं निम्म्यावर आलं. मला तिला आणखी काही विचारावंसंच वाटलं नाही. उलट गाल दाबून घास कोंबणारे आणि संपवलं नाहीस तर आई येणार नाही असं सांगणारे पण मी बघितलेत, आणि तिथे भिंतीवर चित्रं छान होती.

विचारायच्या गोष्टी बऱ्याच आहेत पण काही अगदी स्पष्ट विचारा, भीड ठेवू नका. बाळ झोपत नसेल तर तुम्ही काय करता? याचं उत्तर नीट ऐका. झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजणारे असतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ती औषधं द्यायचीच नाहीत हे तर तुम्हीच मला सांगाल. मध चाटवता का ते पण विचारा, जुन्या वळणाच्या बायका प्रेमाने चाटवतात, वर्षाच्या आत मध नको म्हणजे नको. आणि आपल्याकडचा खाऊ, काजूगर, शेंगदाणे, जांभळाची बी, फणसाची आठळी, यातलं अख्खं काहीही लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये, मोठी मुलं त्याच घरात असतील तर जास्तच. अंगावरचं दूध काढून ठेवणार असाल तर फ्रिज बघा आणि लाईट गेली तर काय करता ते विचारा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. बाहेर ठेवलेलं दूध साधारण चार तासांत संपवायचं आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढा वेळ पण धरू नका. बाटलीपेक्षा वाटी-चमचा केव्हाही बरा.

विहिरीचं मी हलक्यात घेणार नाही. कठडा किती उंच आहे, वर लोखंडी जाळी आहे का, परसाचं दार आतून बंद राहतं का आणि कडी मुलांच्या हाताला न येणारी आहे का, सगळं स्वतः हात लावून बघा. पण विहीर सगळ्यांना दिसते, न्हाणीतली भरलेली बादली दिसत नाही, रांगणाऱ्या बाळाला वीतभर पाणी पण पुरतं. डे केअरच्या बाथरूममध्ये पण तेवढंच लक्ष द्या.

जुनं घर, चिऱ्याचे गडगे, बाजूला आंबा-काजूची झाडं म्हटल्यावर फुरसं (विषारी साप) आणि विंचू हे आलेच. काकूंना विचारा की काही चावलं तर पहिलं काय कराल. आधी मांत्रिकाकडे नाहीतर घट्ट बांधून ठेवू असं उत्तर आलं तर थांबा आणि समजावून सांगा, बांधायचं नाही, चिरायचं नाही, तो भाग हलू द्यायचा नाही आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. विंचवाच्या दंशाने आपल्या कोकणात किती पोरं जायची ते जुन्या माणसांना विचारा, महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून ते चित्र बदललं, पण औषध असून उपयोग काय जर पोराला तिथवर न्यायला दोन तास लावले? म्हणून दारात गाडी कुणाची असते, रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलाय का, हे प्रश्न जेवणाखाण्याइतकेच महत्त्वाचे.

अजून दोन गोष्टी तुमच्या नोकरीमुळे. रेड अलर्ट आला की कलेक्टर शाळांना सुट्टी देतात पण नर्सला सुट्टी नसते, त्या दिवशी बाळाला घेणार का ते आत्ताच ठरवून घ्या. गणपतीत आणि शिमग्यात पण तेच, अर्धा गाव पालखीमागे असतो आणि तुमची ड्युटी लागलेली असते. आणि तुमची दुपारपाळी रात्री सुटत असेल तर संध्याकाळी सातला बंद होणारं डे केअर कितीही चांगलं असलं तरी तुमच्या कामाचं नाही, हा हिशोब मिस्टरांपुढे मांडा.

मला विचाराल तर माझा कल काकूंकडे आहे, चारच मुलं, ओळखीचं घर, हाकेच्या अंतरावर. पण त्या एकट्या आहेत ही त्यांची खरी कमजोरी, विहिरीपेक्षाही मोठी. त्यांना ताप आला, त्या न्हाणीत घसरल्या तर बाळांकडे कोण? घरात दुसरं जबाबदार माणूस असेल, सून, बहीण, शेजारीण, आणि विहिरीला जाळी बसली (खर्च थोडा तुम्ही उचला, चारही घरांत वाटून घ्या) तर ठेवा. पैसे, वेळ, सुट्ट्या, बाळाला न्यायला कोण कोण येऊ शकतं हे एका वहीत दोघींनी लिहून सह्या करा. काकूंना राग येईल असं वाटत असेल तर सांगा की माझी विसरायची सवय आहे. आणि पहिले काही दिवस स्वतः तिथे बसा, मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. दहाव्या महिन्यात परक्या माणसाची भीती ऐन भरात असते, एकदम सोडून निघून गेलात तर बाळ घाबरेल, म्हणून ड्युटीच्या आधीचे हे दिवस यालाच द्या.

प्रश्न: मी चिपळूणचा, मुलगी अडीच वर्षांची. पाळणाघरात घालून महिना झाला, रोज सकाळी गेटवर रडते, पायाला मिठी मारते. ताई म्हणतात तुम्ही गेलात की दोन मिनिटांत गप्प होते. बायको म्हणते काढूया. खरं कसं कळणार?

उत्तर: दादा, सोडताना रडणं हे एकटं काही सांगत नाही, चांगल्या ठिकाणी पण मुलं रडतात कारण त्यांना तुम्ही हवे असता, बस्स. बघायचं ते न्यायला जाता तेव्हा. ती धावत येऊन मग परत आत जाऊन खेळणं दाखवते का, ताईंचं नाव घरी घेते का, बाहुलीला ताईंसारखं जोजवते का? घेत असेल तर थोडा धीर धरा. आणि एक करा, चुपचाप निसटून जाऊ नका, बरेच बाबा करतात हे, मुलीचं लक्ष चुकवून पळतात, मग ती दिवसभर दाराकडे बघत बसते. जातो, दुपारी झोपून उठलीस की येतो, असं सांगून निघा आणि खरंच त्याच वेळेला या, पाच-दहा मिनिटं आधीच. ताई म्हणतात तसं दोन मिनिटांत गप्प होते का, हे कळायला बाहेर रस्त्यावर थांबून ऐका ना, त्यात चोरी कसली.

पण हे पण ऐका. घरी आल्यावर एकदम गप्प गप्प असेल, झोपेत दचकून उठत असेल, सुटलेली शू परत अंथरुणात व्हायला लागली असेल, कपडे काढताना घाबरत असेल, एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की आक्रसून घेत असेल किंवा वळ दिसत असतील आणि कसे आले ते तिथे कुणालाच सांगता येत नसेल, तर मग सवय होईल म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरना दाखवा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन रात्रीबेरात्री पण चालू असते, संशय आला तरी फोन करता येतो, पुरावा गोळा करून मगच करायचा असं काही नाही. लैंगिक छळाचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, लोक काय म्हणतील याचा विचार तिथे आणू नका.

अजून एक, तुम्ही चिपळूणचे म्हणून विचारते, पाळणाघर तळमजल्यावर आहे का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी किती भराभर चढलं ते तुम्हाला मी सांगायला नको. वरच्या मजल्यावर मुलांना कोण नेणार, किती जणांना उचलून न्यावं लागेल, पालकांना फोन कोण करणार, हे जूनच्या आधी एकदा विचाराच, सगळ्या पालकांनी मिळून विचारलं तर आणखी बरं.

प्रश्न: मालवणहून लिहितेय. मुलगा-सून दोघं कुडाळला नोकरीला, नातवाला आता पाळणाघरात घालणार म्हणतात. मी धडधाकट आहे, घरी आहे. शेजारीपाजारी म्हणतात, "आजी घरात असताना पोराक पाळणाघरात कित्याक?" मला फार लागलंय मनाला. माझ्यावर विश्वास नाही का?

उत्तर: आजी, तुमचं पत्र वाचून मलाच भरून आलं. लागणारच मनाला. पण सुनेला एकदा शांतपणे विचारा, वादासाठी नको, खरंच विचारा, की नेमकं काय वाटतंय. कुडाळ ते मालवण रोज बाळाला आणायचं-सोडायचं, एसटी चुकली तर काय, हेच कारण असेल कदाचित, आणि ते बोलायचं राहून गेलं असेल. नाहीतर बाळ आठवडाभर तुमच्याकडे राहील आणि आपण फक्त रविवारी बघू याची तिला भीती वाटत असेल. तिचं पण पहिलंच बाळ आहे ना.

आणि आजी, अंगात बळ आहे हे मान्य, पण दीड वर्षाचं पोर दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तुमची मुलं वाढली तेव्हा घरात जावा होत्या, नणंदा होत्या, शेजारची पोरं होती, एकट्या तुम्ही नव्हता. माझं सांगणं, पाळणाघर बघायला तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत जा. तुम्ही जे दोन मिनिटांत ओळखाल ते त्या दोघांना तासभर बसून कळणार नाही, स्वयंपाकघराचा ओटा, पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, ती बाई मुलाला उचलताना त्याच्या डोळ्यात बघते का. नाचणीची पेज कशी करायची, कुठल्या कुशीवर झोपतो, सर्दी झाली की काय देता, हे सगळं त्या बाईला तुमच्याच तोंडून कळू दे. गणपतीच्या, दिवाळीच्या सुट्टीत आणि तो आजारी पडेल तेव्हा (पहिल्या काही महिन्यांत पडतोच, इतर मुलांत मिसळला की सर्दी-ताप येतोच) तो तुमच्याचकडे येणार. शेजाऱ्यांना सांगा, मीच बघून पसंत केलंय.

प्रश्न: देवगडला आंब्याच्या कॅनिंगमध्ये सीझनला कामाला जाते. पोरगा साडेतीन वर्षांचा. पाळणाघर परवडत नाही. मालक म्हणतो सोय करायचा कायदा मोठ्या कंपन्यांना, आम्हाला नाही. खरं का?

उत्तर: कायदा कंपनी मोठी की छोटी असं बघत नाही, माणसं मोजतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला जी दुरुस्ती झाली तेव्हापासून जिथे पन्नास किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. पन्नास माणसं, बायका-पुरुष सगळे धरून, नुसत्या बायका मोजायच्या नाहीत, इथेच बरेच मालक चुकवतात. स्वतःचं बांधलं पाहिजे असं पण नाही, दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक चालवलं तरी चालतं. आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघून यायची मुभा आहे, विश्रांतीची वेळ त्यातच धरलेली. एकटीने मालकाशी बोलू नका, कामावरच्या आठ-दहा जणी मिळून लेखी अर्ज द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा.

तोवर अंगणवाडी. तुमच्या पोराचं वयच अंगणवाडीचं आहे, तीन ते सहा, तिथे खाऊ मिळतो, पैसे लागत नाहीत, पण ती काही तासच असते आणि तुमची पाळी लांबते हे मला कळतं. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून दिवसभराचं पाळणाघर चालवतात, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. सगळीकडे नाहीये ते. तुमच्या अंगणवाडी ताईंना विचारा, त्यांच्या पर्यवेक्षिकांना विचारा, नाहीतर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन जवळपास कुठे आहे, नसेल तर मागणी कशी करायची ते विचारून या. आणि अंगणवाडी सुटल्यावरचे तास वाडीतली एखादी बाई थोड्या पैशात सांभाळत असेल तर तुम्ही चार-पाच जणी मिळून तिला धरा, एकेकीला परवडेल आणि तिलाही सीझनभर बरे पैसे मिळतील, मात्र वर रत्नागिरीच्या ताईंना सांगितलं तसं जेवणाच्या वेळी एकदा जाऊन बसा. हे सगळं मार्चच्या सुरुवातीलाच उरका, एकदा पेट्या यायला लागल्या की मालकाला पण वेळ नसतो आणि तुम्हालाही.